निळा रंग शुभ की अशुभ? कृषी सेवा केंद्राच्या बोर्डासाठी निळा घ्यावा का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. भावाचं तालुक्याच्या गावाला कृषी सेवा केंद्र सुरू होतंय. बोर्ड, पिशव्या, बिलबुक, आतली भिंत सगळं निळ्यात करायचं ठरवलंय. पण नेटवर कुणी म्हणतं निळा म्हणजे विश्वास, कुणी म्हणतं उदासी, चुलते म्हणतात शनीचा रंग, लाभायचा नाही, आणि एका मित्राने सांगितलं की गावात निळा लावलात तर लोक "वेगळा" अर्थ काढतील. म्हणून विचारताय की निळ्याचा खरा अर्थ काय, आणि लावावा की नाही. मी आधी हाताने बोर्ड रंगवायचो, नंतर प्रेस टाकली, आता डिझाइन आणि छपाई दोन्ही करतो, गिऱ्हाईक बरचसं ग्रामीण भागातलं, शेती आणि दवाखाने जास्त. त्या अनुभवावरून सांगतो.

पहिली गोष्ट, तुमची खरी अडचण अर्थाची नाहीये. एकच रंग तुम्ही चार वेगळ्या जागी लावताय आणि चारही जागी त्याने एकच अर्थ सांगावा असं म्हणताय. तसं होत नाही. माझ्याकडे कुणी आलं की मी आधी बघतो की त्या धंद्यात हा रंग नियमाने कुठे बांधलेला आहे का. असेल तर तिथे आपली आवड चालवायची नाही. मग लोकांच्या सवयीने त्याला काय अर्थ चिकटलाय ते बघायचं. त्यानंतर तो कशावर लागणार, कागद की फ्लेक्स की चुन्याची भिंत, ऊन किती, हे बघायचं. एवढं झाल्यावर जी जागा उरते तिथे आवड. लोक नेमकं उलट्या बाजूने सुरू करतात, म्हणून गोंधळ होतो.

आणि तुमचा धंदा तर असा आहे की तिथे निळा सगळ्यात जास्त बांधलेला आहे. रंगांचे अर्थ सांगणारे लेख शहरातल्या कॅफेसाठी आणि ॲपसाठी लिहिलेले असतात, त्यात हे येतच नाही.

भावाच्या दुकानात उद्या माल लागेल तेव्हा कीटकनाशकाची कुठलीही बाटली हातात घेऊन बघा. लेबलवर एक चौकोन असतो, टोकावर तिरका उभा केलेला, मधून आडवा कापून त्याचे दोन त्रिकोण केलेले. वरच्यात इशारा लिहिलेला, खालचा रंगीत. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा मध्यम, हिरवा त्याहून कमी. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतली ही वर्गवारी आहे. निळा कुठे बसतो तर, तोंडावाटे दिल्यावर प्रयोगातले निम्मे प्राणी मरायला शरीराच्या दर किलोमागे ५०१ ते ५००० मिलिग्रॅम औषध लागतं, तिथे. वरच्या त्रिकोणात त्याच्यासाठी "डेंजर" लिहिलेलं असतं. म्हणजे या बाटलीवर निळा विश्वास सांगत नाही, शांतताही सांगत नाही. तो सांगतो की हातमोजे घाल, तोंड बांध, वाऱ्याच्या उलट्या दिशेने फवारू नकोस. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मेले, हे आपण सगळ्यांनी वाचलंय. त्यामुळे या त्रिकोणाच्या बाबतीत मी फार कडक आहे. दुकानाच्या लोगोत निळा त्रिकोण किंवा तिरका निळा चौकोन मी कुणालाच करून देत नाही, कितीही छान दिसत असला तरी. आणि दुकानाचं स्टिकर बाटलीवर मारायचं असेल तर ते त्या चौकोनावर किंवा त्याला चिकटून अजिबात मारायचं नाही. तुमचं स्टिकर निळं आणि खाली त्रिकोण लाल असेल तर अर्धवट झाकलेल्या लेबलात शेतकऱ्याला नेमका कुठला रंग दिसणार, विचार करा.

आता त्याच दुकानात दोन पावलं पुढे, बियाण्याच्या रॅककडे. तिथे पिशवीला शिवलेलं लेबल बघा. पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळं, पायाभूत बियाण्याला पांढरं आणि प्रमाणित बियाण्याला निळं, आकाशी म्हणता येईल असं. म्हणजे इथे निळा टॅग म्हणजे प्रमाणीकरण यंत्रणेने तपासलेलं बियाणं. शेतकरी "निळ्या टॅगचं द्या" असं सरळ म्हणतो. एकाच छपराखाली एक निळा सांगतो जपून, दुसरा सांगतो बिनधास्त घे. दोन्ही खरे. आणि यातूनच एक नियम निघतो, की दुकानाचा स्वतःचा टॅग किंवा किमतीची चिठ्ठी बियाण्याच्या पिशवीला लटकवणार असाल तर ती निळी नको. तुमचा हेतू कितीही सरळ असो, सत्यप्रत बियाण्याच्या, म्हणजे प्रमाणित नसलेल्या, विकणाऱ्याने स्वतःच्या हमीवर दिलेल्या बियाण्याच्या पिशवीला तुमची निळी चिठ्ठी लटकली की घाईतला माणूस ते प्रमाणित समजून घेऊन जाऊ शकतो. किमतीच्या चिठ्ठ्या पांढऱ्याही नको, पिवळ्याही नको. केशरी किंवा खाकी कागद घ्या, काम होतं.

तिसरा निळा भिंतीवर टांगलेला असेल, चिकट सापळ्याचा. पिवळा सापळा पांढरी माशी आणि माव्यासाठी, निळा फुलकिड्यांसाठी. इथे निळ्याला माणसांनी दिलेला अर्थच नाही, किडीच्या डोळ्याला जे ओढतं ते आपण वापरतो एवढंच. मिरची, कांदा, द्राक्ष, डाळिंब करणाऱ्यांना हे पाठ असतं. आणि चौथा निळा म्हणजे मोरचूद, तांब्याचं सल्फेट. निळे खडे, बरणीत ठेवले की गिऱ्हाईक लांबूनच ओळखतं. त्यापासून १ टक्का बोर्डो, म्हणजे बुरशीवर मारायचं मिश्रण, करायचं तर १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी, आणि मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवायचं नाही. तयार मिश्रण आभाळासारखं निळं दिसतं, पण तो निळा नुसता बघून मिश्रण जमलं असं म्हणायचं नाही. घासलेला विळा किंवा खिळा बुडवून बघायचा, त्यावर तांबूस थर धरला तर तांबं मोकळं आहे, अजून चुना पाहिजे. निळा लिटमस कागद बुडवला आणि लाल झाला तरी तेच. कोकणात सुपारीवर पावसाच्या तोंडाला हे मारतात कोळे रोगासाठी, नाशिक-सांगलीकडे द्राक्षावर केवडा या बुरशीच्या रोगासाठी. याची सुरुवातही ऐकण्यासारखी आहे. फ्रान्समध्ये बोर्डोच्या भागात रस्त्याकडेच्या वेलींवर हे निळं-पांढरं मिश्रण शिंपडायचे ते येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून, खाणाऱ्याला वाटावं विष मारलंय. त्याच वेलींवर केवडा कमी येतो हे मिलार्डे नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. म्हणजे लोकांना घाबरवायला लावलेला रंग नंतर पिकाचं औषध झाला.

हे फक्त शेतीतच असं आहे असं समजू नका. मी दवाखान्यांची कामं करतो त्यात तर आणखी जपावं लागतं. स्वच्छ भारतच्या जाहिरातींनी लोकांच्या डोक्यात पक्कं बसवलंय की हिरवा डबा ओल्याचा आणि निळा सुक्याचा. हॉस्पिटलमध्ये २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार निळी खूण असते काचेच्या वस्तूंना आणि शरीरातून काढलेल्या धातूच्या इम्प्लांटना. नवीन आलेली सफाईवाली मावशी घरचा नियम डोक्यात घेऊन आली आणि तिने त्यात कागदाचे बोळे टाकले तर पुढे ते बोळे काढायला हात घालणाऱ्याचं बोट कापणार. म्हणून हॉस्पिटलच्या डब्यावर मी फक्त रंगावर कधीच सोडत नाही, मोठ्या अक्षरात "काच" लिहितो आणि फुटलेल्या बाटलीचं चित्र काढतो. त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये फिकट निळ्या बुचाची ट्यूब म्हणजे आत सोडियम सायट्रेट, रक्त गोठण्याच्या तपासणीसाठी. ऑपरेशन थिएटरमध्ये निळा सिलेंडर म्हणजे नायट्रस ऑक्साइड, भूल देताना वापरतात तो, आणि रस्त्यापलीकडच्या हॉटेलात निळा सिलेंडर म्हणजे १९ किलोचा कमर्शियल गॅस. पेशंटची नखं आणि ओठ निळे पडले तर ऑक्सिजन कमी पडतोय, धावपळ. आणि कावीळ झालेलं तान्हं बाळ निळ्या लाइटखाली ठेवतात ते बरं करायला, कारण त्या प्रकाशाने बिलिरुबिनची, म्हणजे काविळीत साठणाऱ्या पिवळ्या द्रव्याची, रचना अशी बदलते की ते शरीराबाहेर टाकणं सोपं जातं. एका इमारतीत एवढे निळे.

कारखान्यात गेलात तर पाइपलाइनवर आकाशी निळा म्हणजे दाबाची हवा, पाण्याला तिथे समुद्री हिरवा असतो. पण शेतात नाहीतर गावच्या नळयोजनेत काळ्या एचडीपीई पाइपवर निळ्या रेघा दिसल्या तर ते पिण्याचं पाणी. रस्त्यावर निळा गोल म्हणजे सक्ती, डावीकडेच वळा वगैरे, आणि निळा आयत म्हणजे माहिती, पुढे पेट्रोल पंप, पुढे दवाखाना. सुरक्षेच्या पाट्यांतही निळा गोल सक्तीचाच, हेल्मेट घाला, बूट घाला. तुमच्या दुकानात औषधाच्या रॅकवर "हातमोजे आणि मास्क वापरा" अशी पाटी लावणार असाल, आणि लावाच, तर ती निळ्या गोलात पांढरं चित्र अशीच करा. तिथे निळा आपल्या बाजूने काम करतो. रेशनचं रॉकेल आठवत असेल तुम्हाला, ते निळं करायचे ते भेसळ पकडायला, मोकळ्या बाजारातलं पांढरं, म्हणून डिझेलमध्ये किंवा बाजारात निळं सापडलं की ते रेशनचं वळवलेलं. विज्ञानात तर अजून उलटं आहे. नळावर निळं म्हणजे गार आणि लाल म्हणजे गरम. पण हिवाळ्यात रात्री मृग नक्षत्र बघा, त्यातला निळसर राजन्य तारा तांबूस काक्षीपेक्षा कितीतरी गरम आहे, साधारण १२ हजार केल्व्हिन विरुद्ध साडेतीन हजार.

तर इथपर्यंतचं एवढं लक्षात घ्या की तुमच्या दुकानात चार निळे आधीच हजर आहेत, आणि पाचवा तुम्ही आणताय. पाचव्याने पहिल्या चारांच्या कामात लुडबूड करायची नाही. आता चुलत्यांचं आणि मित्राचं बघू.

विश्वासाचं आधी. ते खोटं नाही, पण उलटं समजलं जातं. आपल्या झेंड्यावरचं अशोकचक्र नेव्ही ब्लू आहे, साधा पासपोर्ट गडद निळा आहे, बँकांचे बोर्ड निळे आहेत, कारकुनाच्या टेबलावर निळी शाई होती. सरकारी आणि पैशाच्या कामात निळा इतका दिसलाय की तो बघून माणसाला वाटतं इथे कागदपत्रं नीट असतील. म्हणजे विश्वास त्या संस्थांनी कमावला आणि तो रंगाला चिकटला. नवीन दुकानाने निळा लावला तर ते थोडं उसनं मिळतं, पहिल्या भेटीपुरतं. बोगस बियाणं एकदा निघालं की मग बोर्ड कुठल्याही रंगाचा असो. उदासीचा अर्थ इंग्रजी वापरातून नेटवर आलाय, आपल्या गावच्या माणसाच्या मनात तो नाही. त्याच्या मनात विठ्ठल सावळा, कृष्ण घननीळ, शंकर नीलकंठ. त्यामुळे ते सोडून द्या.

शनीचं म्हणाल तर चुलत्यांशी वाद घालू नका. नीलम शनीचा मानतात, आणि तो सगळ्यांना लाभत नाही असंही मानतात, ही जुनी समजूत आहे, त्यांनी मनाने काढलेली नाही. नीलमचा निळेपणा येतो त्यात किंचित लोखंड आणि टायटॅनियम असतं त्यामुळे, हे मला माहिती आहे, पण दुकान घरच्यांच्या पैशातून उभं राहतंय आणि घरातलं मोठं माणूस रोज बोर्डाकडे बघून खट्टू होणार असेल तर ते मी मोजतो. अशा वेळी मी करतो काय, तर गडद काळपट निळ्याऐवजी उजळ मोरपंखीकडे जातो आणि सोबत पिवळा देतो. काळपट निळा त्यांना शनीचा वाटतो, मोरपंखी कृष्णाचा वाटतो. घरात शांतता राहते आणि बोर्डही चांगला होतो.

पण मित्राने जे सांगितलं ते वेगळ्या जातीचं आहे आणि त्याला मी हे उत्तर देणार नाही. "वेगळा अर्थ" म्हणजे काय ते आपल्याला दोघांनाही कळतं. महाराष्ट्रात निळा म्हणजे आंबेडकरी चळवळ, हा अर्थ खरा आहे आणि फार मोठा आहे. १९४२ मध्ये बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन उभं केलं त्याचा झेंडा निळा होता, पुढे रिपब्लिकन पक्षानेही निळा ठेवला. बौद्धांच्या पंचरंगी ध्वजातला पहिला पट्टा निळा, करुणेचा. १४ एप्रिलला गावात निळा गुलाल उडतो, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर निळ्या टोप्या आणि निळे झेंडे घेऊन लोक रांगेत उभे राहतात, पुतळ्याचा कोट निळा असतो. ज्यांना पाणवठ्यावर पाणी भरू दिलं जात नव्हतं त्यांनी मान वर करून चालताना हातात घेतलेला रंग आहे तो. मी जयंतीचे बोर्ड आणि पताका पुष्कळ छापल्यात, निळ्याची शेड एवढीशी जांभळट झाली तरी मुलं परत घेऊन येतात, "दादा, हा आपला निळा नाही" म्हणतात, आणि त्यांचं बरोबर असतं. हा अर्थ माहिती असणं आणि त्याचा मान ठेवणं एक गोष्ट, आणि "लोक आपल्याला त्यांच्यातले समजतील" म्हणून रंग टाळणं दुसरी. दुसऱ्या कारणाने रंग बदलून द्या म्हणणारे गिऱ्हाईक माझ्याकडे येतात. मी त्यांना सरळ सांगतो की या कारणासाठी मी बदलणार नाही, दुसरं काही कारण असेल तर सांगा. दुकानात खत घ्यायला येणाऱ्यांत ते लोकही आहेतच, आणि कुणी निळा बघून यायचं टाळत असेल तर त्याच्यासाठी बोर्ड बदलायची गरज नाही. फक्त चळवळीची चिन्हं, अशोकचक्र किंवा निळ्या झेंड्याचा आकार, धंद्याच्या लोगोत वापरू नका. अशोकचक्र तर राष्ट्रध्वजातलं आहे, ते कुणीच आपल्या मालावर वापरायचं नसतं.

अर्थ कसे चिकटतात याबद्दल एक सांगून पुढे जातो, कारण हे मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. बऱ्याच वेळा अर्थ आधी येत नाही, किंमत आणि रसायन आधी येतं. अजिंठ्याच्या चित्रांत जो निळा आहे तो लाजवर्द दगड कुटून केलेला आहे, आणि त्या दगडाच्या जुन्या प्रसिद्ध खाणी अफगाणिस्तानात बदख्शानला. एवढ्या लांबून आलेला रंग कुणी कुठेही फासणार नाही. युरोपात तोच रंग मेरीच्या वस्त्राला लावायचे, कारण तो सगळ्यात महाग. मग १८२४ मध्ये फ्रान्समध्ये तसाच रंग स्वस्तात बनवणाऱ्याला ६००० फ्रँकचं बक्षीस जाहीर झालं, १८२८ मध्ये ते गिमे नावाच्या माणसाला मिळालं, आणि पुढे तोच अल्ट्रामरीन आपल्या न्हाणीघरात पांढऱ्या कपड्यांना द्यायची नीळ म्हणून आला. देवाच्या वस्त्रावरून बादलीत. झाडाच्या निळीचंही तसंच. चंपारणमध्ये बिघ्यातल्या २० कठ्ठ्यांपैकी ३ कठ्ठ्यांत नीळ लावायची सक्ती होती, शेतकऱ्याच्या दृष्टीने निळा म्हणजे जुलूम होता, १९१७ मध्ये गांधीजी तिथे गेले ते त्यासाठी. तोवर जर्मनीत १८९७ पासून कारखान्यातली नीळ निघायला लागलीच होती, तिने झाडाच्या निळीचा बाजार मोडला, आणि स्वस्त झालेला निळा कामगारांच्या कपड्यांत आणि जीन्समध्ये गेला, मळ दिसत नाही म्हणून. पाचशे वर्षांत एकाच रंगाने देव, जुलूम आणि कामाचे कपडे एवढं सगळं सांगितलं. मग नेटवरचा चार ओळींचा चार्ट त्याचा "खरा अर्थ" कसा सांगणार?

आता प्रत्यक्ष कामाचं. इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात म्हणून सविस्तर.

मोबाईलवर दिसणारा झगझगीत निळा छपाईत येत नाही, हे आधी मान्य करा. स्क्रीन स्वतः प्रकाश देते, कागदावर फक्त शाई असते, आणि सीएमवायकेच्या चार शाईंत, म्हणजे सायन (आकाशी निळी), मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळी आणि काळी, तो चमकदार निळा बसतच नाही. डिझायनरने सायन १०० आणि मॅजेंटा १०० टाकला की स्क्रीनवर निळा दिसतो आणि छापून जांभळा येतो. मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवायला सांगा, १०० ला ६५-७० पर्यंत. बिलबुक आणि नॉनवोवन पिशव्या एक कलरमध्ये करायच्या असतील तर स्क्रीन प्रिंटिंगवाल्याला तयार निळी शाईच घ्यायला सांगा, आणि पिशवीच्या कापडावर मारलेला नमुना बघूनच होकार द्या, कागदावरचा नमुना बघून नाही.

ऊन. गावातले जुने फ्लेक्स आणि सलूनच्या काचेतले फोटो नीट बघा, सगळे निळे पडलेले दिसतील. लोकांना वाटतं निळा चढला. चढत काही नाही, पिवळी आणि मॅजेंटा शाई उन्हाने आधी उडते आणि सायन मागे राहतो, कारण त्यातलं थॅलोसायनीन नावाचं रंगद्रव्य उन्हाला फार टिकाऊ आहे. तुमच्या फायद्याची गोष्ट आहे ही. सायनकडे झुकलेला निळा बोर्डावर वर्षानुवर्षं टिकेल, पण त्यात मॅजेंटा जास्त घातलात तर दोन उन्हाळ्यांत शेड सरकणार, आणि शेजारी लाल अक्षरं असतील तर ती फिकी गुलाबी होणार. म्हणून मुख्य बोर्ड फ्लेक्सचा करूच नका, एसीपी शीटवर (ॲल्युमिनियमचा थर असलेली कडक शीट) कट केलेलं विनाइल किंवा ॲक्रिलिकची अक्षरं करा. फ्लेक्स हंगामी जाहिरातींना ठेवा.

अक्षरं. निळ्यावर पांढरी किंवा पिवळी उत्तम. निळ्यावर लाल कधीच नको, लाल आणि निळा डोळ्यात एकाच ठिकाणी फोकस होत नाहीत, अक्षर थरथरल्यासारखं दिसतं आणि चाळिशीच्या पुढच्या माणसाला त्रास होतो. बारीक निळी अक्षरं काळ्या किंवा गडद पट्टीवरही नको, कारण आपण ज्या भागाने बारीक वाचतो त्या डोळ्याच्या मधल्या बिंदूत निळा ओळखणाऱ्या पेशी जवळपास नसतातच. देवनागरीत तर अनुस्वार आणि रफार आधी गायब होतात. परवाना क्रमांक आणि रोजचा भावफलक पांढऱ्यावर काळ्यानेच लिहा. उलट संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, निळा लालपेक्षा उजळ दिसायला लागतो, डोळा अंधाराला सरावतो तेव्हा तसं होतं, याला पुरकिंजे परिणाम म्हणतात. शेतकरी शेतातून परतताना दुकानात येतो ती वेळ हीच, तेव्हा निळा बोर्ड लाल बोर्डापेक्षा लवकर नजरेत येतो. निळ्याच्या बाजूने माझं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, विश्वास वगैरे नंतर.

भिंत. जुनी चुन्याची भिंत असेल आणि चुन्यातच रंग कालवणार असाल तर अल्ट्रामरीनच घ्या, म्हणजे कपड्याला देतो ती कोरडी पावडर नीळ. ती चुन्यात टिकते. प्रशियन निळा मात्र चुन्यात घालू नका, चुन्याच्या क्षाराने तो तपकिरी पडतो. पण अल्ट्रामरीनला ॲसिड चालत नाही, त्यामुळे जिथे खताची किंवा ॲसिडची सांडलवंड होते त्या खालच्या दोन-अडीच फुटांना चुना नको, ऑइलपेंटचा पट्टा मारा, राखाडी. आणि औषधाच्या रॅकमागची भिंत निळी अजिबात करू नका. तिथे पांढरी किंवा फिकट करडी भिंत हवी, म्हणजे बाटल्यांवरचे चारही रंगांचे त्रिकोण सुटे आणि स्पष्ट दिसतील. निळी भिंत मागे असली की निळा त्रिकोण त्यात बुडतो, आणि पांढरा उजेड भिंतीवरून निळसर होऊन पडतो तेव्हा हिरवा आणि निळा त्रिकोण लांबून ओळखायला चुकतात. बियाण्याच्या रॅकमागेही तेच, टॅग उठून दिसला पाहिजे. निळा काउंटरमागे आणि दर्शनी बाजूला मनमोकळा वापरा.

"निळ्या भिंतीने झोप उडते का" असंही तुम्ही शेवटी विचारलंय. झोपेवर परिणाम होतो तो निळ्या प्रकाशाचा, रात्री डोळ्यावर पडणाऱ्या. रंगवलेल्या भिंतीचा तसा काही त्रास नाही.

माझ्या मते तुम्ही निळा घ्या. बाहेरच्या बोर्डाला मोरपंखीकडे झुकलेला निळा, त्यावर पांढरी मराठी अक्षरं, एक पिवळी रेघ. पिशव्यांवर तोच निळा पण लोगो गोल किंवा पानाच्या आकाराचा. किमतीच्या चिठ्ठ्या केशरी, रॅकमागच्या भिंती पांढऱ्या, सुरक्षेच्या पाट्या निळ्या गोलात. आता मला दोन गोष्टी कळवा, दुकानाचं तोंड कुठल्या दिशेला आहे आणि शेजारच्या दोन्ही गाळ्यांचे बोर्ड कुठल्या रंगाचे आहेत. पश्चिमेला तोंड असेल तर दुपारनंतरचं ऊन थेट बोर्डावर येणार, मग मॅट शीट लागेल, ग्लॉसी चमकते आणि नाव वाचताच येत नाही. आणि शेजारी आधीच निळा असेल तर मी तुम्हाला शेड बदलून देतो, प्रूफ काढून घ्या आणि ते उन्हात धरून बघा.